भांग, भुवई आणि हनुवटी

थ्रेडिंग करताना समोरच्या बाईचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. डोळे मिटलेले, भुवईची कातडी तिने स्वतःच्या बोटांनी ताणून धरलेली, वरून ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. इतक्या जवळून तिला घरातलं कुणी बघत नाही. डॉक्टरकडे ती दुखलं-खुपलं तर जाते, माझ्याकडे महिन्याच्या महिन्याला येते. ठाण्यात नौपाड्याला, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत १९९८ पासून माझं पार्लर आहे. दहावीच्या सेंडऑफसाठी पहिल्यांदा भुवया करायला आलेल्या मुली आता स्वतःच्या मुलींना घेऊन येतात. एकाच बाईचा भांग, भुवई आणि हनुवटी वर्षानुवर्षं बघितली की त्यातला बदल लगेच डोळ्यांत भरतो. आणि तो बदल बऱ्याचदा शाम्पूमुळे किंवा तेलामुळे झालेला नसतो. त्याचं मूळ हार्मोन्समध्ये असतं.

मी डॉक्टर नाही. पण माझ्या गिऱ्हाइकांत एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, एक त्वचारोगतज्ज्ञ आहेत, आणि हेअर स्पाला बसल्या की तासभर त्या माझ्या तावडीत असतात. तो सगळा तास मी प्रश्न विचारते. घरी जाऊन वाचते, पुन्हा विचारते. माझ्या खुर्चीत बसून "ताई, केस फार गळतायत हो, काहीतरी करा" म्हणणाऱ्या बायकांना जे मी तोंडी सांगते, ते एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

आधी गळणं आणि तुटणं वेगळं करायला हवं. घोडबंदर रोडला राहायला गेलेल्या बायका हमखास पाण्याला दोष देतात. "तिकडे गेल्यापासून केस गेले. टँकरचं पाणी आहे ना." मी त्यांना काळा अ‍ॅप्रन घालते, पन्नास-साठ केसांची एक बट बोटांत धरते आणि मुळापासून टोकाकडे सावकाश ओढत आणते. हातात आलेले केस काळ्या कापडावर ठेवले की मुळाशी बारीकसा पांढरा ठिपका दिसतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. ठिपका असेल तर तो केस मुळासकट, त्याची वेळ भरून गळलेला. ठिपका नसेल आणि केस आखूड असेल तर मधेच तुटलेला. जड पाण्याने, स्ट्रेटनिंगने, ओल्या केसांत कंगवा ओढल्याने केस रखरखीत होतात आणि तुटतात. पण पाणी कातडीखालच्या मुळापर्यंत पोचत नाही. बटीतून सहा-सातपेक्षा जास्त ठिपकेवाले केस हातात आले, तर मी पाण्याचा विषय तिथेच सोडते आणि विचारते, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

हा तीन महिन्यांचा हिशोब फार महत्त्वाचा आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही वेळी वाढत असतात. ही वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षं चालते. मग दोन-तीन आठवडे केस वाढ आवरती घेतो, त्यानंतर तीनेक महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. दिवसाला ५० ते १०० केस असे जातातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट, घरातला मृत्यू, की एकदम खूप केस वाढ सोडून विश्रांतीत जातात. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एकगठ्ठा गळतात. महिनाअखेरीला हात तंग असला की घरातली बाई दूध आणि धान्य चालू ठेवते आणि आधी हौसेचा खर्च थांबवते, तसं शरीर अडचणीत आलं की आधी केसांवर काट मारतं. मेंदू, हृदय, यकृत आधी, केस शेवटी.

म्हणून पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेलेल्या बायका माझ्याकडे दिवाळीच्या तोंडावर केस गळतात म्हणून येतात आणि दोष देतात तो नव्या शाम्पूला. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये करोना झालेल्या किती जणी जुलै-ऑगस्टमध्ये मुठीत केसांचा गुंता घेऊन रडत आल्या, त्याची गणती नाही. त्यांना मी एकच सांगत होते, की हे थांबतं. अशा धक्क्याने सुरू झालेलं गळणं बहुतेकींचं सहाएक महिन्यांत आवरतं आणि मूळ शाबूत असल्याने केस परत येतात. कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे बारीक केस दिसायला लागले की मी आरशात दाखवते. त्या बेबी हेअरनी जितका धीर येतो, तितका माझ्या बोलण्याने येत नाही.

बाळंतिणींचं तर अगदी ठरलेलं. गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वाढलेलं असतं, ते केसांना वाढीतच धरून ठेवतं, म्हणून त्या काळात शेपटा भरगच्च दिसतो. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपकन उतरतं आणि धरून ठेवलेले सगळे केस एकदम विश्रांतीत जातात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात. बाळ ओळखायला लागतं ते तिसऱ्या महिन्याच्या आसपास, म्हणजे त्यांचं निरीक्षण अचूक होतं. यात बाळाच्या नजरेचा दोष नाही आणि आईच्या दुधाचाही नाही. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. अळिवाची खीर खावी, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र अर्ध्यात सोडू नयेत. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेला असू शकतो. केस गळतीत हा साठा आवर्जून तपासावा.

आता भुवई. एक शाळेतल्या बाई आहेत, पंधरा वर्षं माझ्याकडे येतात. त्यांच्या भुवयांचा आकार मला डोळे मिटून काढता येईल. एकदा दोरा धरला आणि कळलं की भुवईच्या बाहेरच्या टोकाला, कानशिलाकडच्या तिसऱ्या भागात, काढायला काही नाहीच. दोन्हीकडे. त्या म्हणाल्या, "पेन्सिलने पूर्ण कर, काय." मी पूर्ण केली, पण विचारलं, "बाई, थकवा येतो का? थंडी जास्त वाजते? वजन?" त्या उठून बसल्या. जानेवारीत सगळे पंखा लावून बसलेले असताना त्या स्टाफरूममध्ये शाल घेत होत्या, बद्धकोष्ठ होतं, आवाज बसल्यासारखा झाला होता. सगळ्याचं कारण त्यांनी वय असं ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉइड मंदावलेला निघाला.

बाहेरच्या टोकाची भुवई विरळ होण्याचं कारण दर वेळी थायरॉइडच असतं असं नाही. वयानेही होते, वर्षानुवर्षं जास्त कोरल्यानेही होते. पण थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की केसांची वाढीची अवस्था लांबत नाही, केस कोरडे होतात आणि सगळ्या डोक्यावरून सारखे विरळ होतात. भुवई, थकवा, थंडी आणि वजन अशी चारही लक्षणं एकत्र दिसली, तर तपासणीला टाळाटाळ करू नये.

त्या बाईंच्या बाबतीत एक गोष्ट कळली, ती सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. केसांसाठी म्हणून त्या बायोटिनच्या गोळ्या घेत होत्या. त्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त द्यायच्या आधी त्या दोन-तीन दिवस बंद करायला लावल्या. बायोटिनचे मोठे डोस रक्ताच्या काही तपासण्यांत ढवळाढवळ करतात, थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशाराही दिला होता. केसांच्या गमीज, पावडरी, बहुतेकांत बायोटिन असतं. तेव्हा लॅबमध्ये जाण्याआधी ते डॉक्टरांच्या कानावर घालावं. आणि थायरॉइडची गोळी चालू झाली की ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. आपल्याकडे बायका तिन्ही गोळ्या एका घोटात संपवतात आणि मग आकडे हलत नाहीत म्हणून डोस वाढत राहतो.

हनुवटीकडे येते. वीस-बावीस वर्षांच्या मुली आईबरोबर येतात. आई म्हणते, "हिची हनुवटी कर, आणि मानेला ब्लीच कर. कितीही घासलं तरी मळ निघत नाही." मान बघितली तर मळ नसतोच. काळपट, मखमलीसारखा जाड झालेला पट्टा असतो. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की कातडी अशी होते. त्या पट्ट्याला मी ब्लीच करत नाही, कारण उपयोग शून्य आणि आग मात्र होते. हनुवटीवर राठ केस, भांग रुंदावलेला, पाळी दोन-दोन महिने गायब, मानेवर पट्टा, हे सगळं पीसीओएसकडे, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोन्समधल्या बिघाडाकडे, बोट दाखवतं. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. शिवाय यकृतात तयार होणारं, पुरुषी हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिनही कमी होतं, म्हणजे मोकळं फिरणारं हार्मोन आणखी वाढतं. तेच हार्मोन हनुवटीवर केस जाड करतं आणि टाळूवर बारीक करतं. त्या पोरीला मी कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात सांगते, यात तुझी काही चूक नाही. मग आईला सांगते, घासणं बंद करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. मुलीच्या अंगावर येणाऱ्या केसांची लाज वाटून आया तिला पाच-पाच वर्षं फक्त पार्लरला पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्या पाच वर्षांत साखर वाढत असते.

एकच हार्मोन हनुवटीवर पीक काढतं आणि टाळू उजाड करतं, हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. उलगडा घरातल्या पुरुषांमुळे झाला. माझा मुलगा चोवीस वर्षांचा, त्याचे कपाळावरचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागलेत. सासरे ७८ वर्षांचे, प्रोस्टेटसाठी रोज एक गोळी घेतात. त्वचारोगतज्ज्ञ मॅडमना मुलाबद्दल विचारलं, तर त्यांनी नाव घेतलं फिनास्टेराइडचं. सासऱ्यांच्या स्ट्रिपवर तेच नाव. त्यांची ५ मिलीग्रॅमची, मुलासाठी १ मिलीग्रॅमची.

त्यामागची गोष्ट मी शोधून वाचली. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही हे ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळापासून लोकांना माहीत होतं. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी हार्मोन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचेच केस जायला लागतात. म्हणजे हार्मोनही लागतं आणि आनुवंशिकताही. पुढचा धागा मिळाला १९७४ मध्ये. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावात काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची आणि वयात येताना पुरुष व्हायची. ज्युलिएन इम्पेराटो-मॅकगिनली यांनी त्यांचा अभ्यास केला. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या जास्त जहाल हार्मोनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम या लोकांत कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहान राहायची आणि केसांची रेषा मागे सरकायची नाही. या निरीक्षणातून ते एन्झाइम रोखणारी गोळी तयार झाली. अमेरिकेत तिला १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी मान्यता मिळाली आणि १९९७ मध्ये केसांसाठी. आजोबा आणि नातवाचं औषध एक असण्याचं कारण हे.

ज्याला टक्कल पडतं त्याच्या रक्तात पुरुषी हार्मोन इतरांपेक्षा जास्त असतं, ही समजूत चुकीची आहे. फरक असतो तो मुळांच्या संवेदनशीलतेत. टाळूवरची काही मुळं डीएचटीमुळे प्रत्येक चक्रात थोडी थोडी लहान होत जातात, वाढीचा काळ आखूड होतो आणि केस लवीसारखा होऊन बसतो. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातल्या मुळांना ते फारसं बाधत नाही, म्हणून हेअर ट्रान्सप्लांटला केस मागून घेतात. दाढीची मुळं तर त्याच हार्मोनवर पोसतात. केस आईच्या वडिलांवरून ठरतात, हेही अर्धवटच खरं. त्यातला एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो, पण वडिलांकडून येणारे जनुकही त्यात असतात.

गोळीबद्दल दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवल्या आहेत. तिच्यामुळे पीएसए या प्रोस्टेटच्या तपासणीचा आकडा साधारण निम्मा येतो. तेव्हा तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं, नाहीतर वाढलेला आकडाही नॉर्मल वाटेल. दुसरं, गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. काही पुरुषांना लैंगिक तक्रारी किंवा उदासी जाणवते. मुलाने ते सगळं मॅडमशी मोकळेपणाने बोलून घेतलं आणि सध्या फक्त लावायचं औषध सुरू केलं. मॅडमनी त्याच बैठकीत त्याचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही बघितलं. कमी वयात टाळूवर टक्कल पडणाऱ्या पुरुषांत हृदयाच्या आणि साखरेच्या तक्रारी जास्त आढळल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणून पोराच्या केसांच्या निमित्ताने तेवढी तपासणी होते, हे मला आवडलं.

आणि आता माझ्या वयाच्या बायका, ज्यांच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. चाळिशीच्या शेवटी भांग रुंदावतो. टोकदार कंगव्याने मधोमध भांग पाडला की कपाळाजवळ रुंद आणि मागे टाळूकडे अरुंद होत जाणारी पट्टी दिसते. मागचे केस मात्र दाट असतात. पुढची रेषा बहुधा जागेवर राहते, पुरुषांसारखी मागे सरकत नाही. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते, आणि सलग बारा महिने आली नाही की ती थांबली असं धरतात. अंडाशयातून इस्ट्रोजेन येणं जवळजवळ बंद होतं, पुरुषी हार्मोन मात्र थोडं थोडं तयार होत राहतं, म्हणजे तराजू झुकतो. बऱ्याच जणींच्या रक्तात पुरुषी हार्मोनचा आकडा नॉर्मलच असतो, तरी भांग विरळ होतो. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणजे गळणं मनाचा खेळ, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

माझ्या आईची पिशवी एकेचाळिसाव्या वर्षी काढली. अंडाशयंही त्याच वेळी काढून टाकली, "परत कटकट नको" म्हणून. ज्या बाईचा अंबाडा एका हातात मावत नव्हता, ती वर्षभरात गंगावन लावायला लागली. नात्यातल्या प्रत्येक लग्नात तिच्या केसांची चर्चा झाली. माका, जास्वंद, ब्राह्मी, कांद्याचा रस, जे कुणी सांगितलं ते सगळं तिने लावलं. इस्ट्रोजेन एकेचाळिसाव्या वर्षी एका दिवसात थांबल्यामुळे तिच्या हाडांचं काय होत असेल, हे मात्र तिला कुणीही, कधीही, एका शब्दाने सांगितलं नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडखळली. घसरली म्हणावं एवढंही पडणं नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती एकटी कधी जिना उतरली नाही.

पाळी थांबल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. ती आरशात दिसत नाही. भांग दिसतो, म्हणून सगळा पैसा आणि सगळं दुःख भांगापाशी जातं. ४५ च्या आत पाळी थांबली किंवा अंडाशयं काढली, तर धोका आणखी जास्त, आणि अशा बायकांना नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यायचे का, हे डॉक्टरांनी त्यांच्याशी बसून ठरवायचं असतं. पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर आधी विचारा: अंडाशयं ठेवणार का, नसतील ठेवणार तर का नाही, आणि नंतर हाडांचं काय. हा प्रश्न माझ्या आईच्या वतीने कुणी विचारला नाही, म्हणून मी तो प्रत्येकीला पाठ करायला लावते.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती आपल्याकडे खूप आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग मधेच थांबवला गेला, कारण स्तनाच्या कॅन्सरचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला. बातमी जगभर गेली. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे बातमीबरोबर गेलं नाही. आता डॉक्टर असं मानतात की साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षं व्हायच्या आत असलेल्या, इतर धोका नसलेल्या आणि अंगातून वाफा येऊन रात्र-रात्र झोप न लागणाऱ्या बाईला त्याचा फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. ते निव्वळ केसांसाठी मात्र देत नाहीत. मोबाइलवर "हार्मोन बॅलन्स"ची पॅकेजेस विकणाऱ्यांपासून लांब राहा. त्यात टेस्टोस्टेरॉन असेल तर हनुवटीवर केस येतील आणि डोक्यावरचे आणखी जातील.

केसांसाठी ज्याला खरा आधार आहे असं लावायचं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मूळचं ते रक्तदाबाची गोळी होतं, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावून बघितलं गेलं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळणं वाढतं, आणि तिथेच निम्म्या जणी बाटली फेकून देतात. जुने केस नव्याला जागा करून देत असतात, तेव्हा थांबू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने जातात आणि बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत परत जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते वापरू नये. घरात मांजर असेल तर फार जपा, उशीवर किंवा हातावर राहिलेलं थोडंसं औषधही मांजराला जिवावर बेततं. तेलाने केस मऊ राहतात, तुटणं कमी होतं, डोक्याला बरं वाटतं. त्यासाठी जरूर लावा. डीएचटीला किंवा थायरॉइडला तेल पोचत नाही.

माझ्या हातात जे आहे ते मी करते. विरळ केसांना लांब लेअर्स देत नाही, टोकं आणखी फाटकी दिसतात. खांद्यापर्यंत सरळ, बोथट कट, भांग थोडा तिरका, पोनी सैल. महिन्याला सात-आठ हजारांचं केराटिन करून द्या म्हणणाऱ्या बाईला मी आधी टीएसएच, फेरिटिन, साखर, लिपिड आणि व्हिटॅमिन डी करून यायला सांगते. पाळी थांबल्यावर वाईट कोलेस्टेरॉलही चढतं, हे किती जणींना माहीत असतं? पाळी थांबलेली असेल तर डेक्साबद्दल, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल, डॉक्टरांना विचारायला लावते. माझी पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबली. आईमुळे मी लगेच डेक्सा केला, त्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे १.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) म्हणतात, म्हणजे माझी हाडं त्या वाटेवर आहेत.

मग खाणं बदललं. पाळी थांबलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम असतं, मोठ्या ग्लासभर दुधात ३००. सकाळी नाचणीची भाकरी, दुपारी दही, तिळाची चटणी. प्रोटीनकडे तर आपल्या घरातल्या बायका बघतच नाहीत. साठ किलोच्या बाईला दिवसाला निदान ५० ग्रॅम लागतं, आणि एका अंड्यात मिळतं साधारण ६ ग्रॅम. वाटीभर आमटी आणि भात एवढ्यावर ते भागत नाही. केसही प्रोटीनचाच असतो, स्नायूही. कचराळी तलावाला मी संध्याकाळी फेऱ्या मारत होते, अजून मारते. पण फिजिओथेरपिस्ट असलेल्या गिऱ्हाइकाने स्पष्ट सांगितलं, "ताई, चालणं हृदयाला चांगलं. हाडाला आणि स्नायूला वजन उचलायला लागतं." तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू काही टक्क्यांनी घटत जातात, आणि पाय बळकट असेल तर अडखळलेली बाई सावरते.

दुपारी दोन ते चार पार्लर रिकामं असतं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्या वेळात खुर्च्या भिंतीला लावतो आणि त्या फिजिओ आमच्याकडून व्यायाम करून घेतात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दोन-दोन किलोचे डंबेल, भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहणं. सगळ्यात मोठ्या काकू ६७ वर्षांच्या आहेत, त्या आता तीन किलो उचलतात. नौपाडा, घंटाळी, पाचपाखाडी भागातल्या कुणाला यायचं असेल तर या. पैसे नाहीत. गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी सांगा, डेक्साचा रिपोर्ट असेल तर बरोबर आणा, त्यावरून वजन ठरवतात. आणि चपला नकोत, बूट घालून या.